उत्तरेच्या डेपोत बदली

बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीमागे बसून एकतीस वर्षं माईकवर बोलणाऱ्या माणसाला लोक भोंगा म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? चालक-वाहक तोंडावर 'भोंगेकाका' म्हणत, पाठ वळली की नुसतंच 'भोंगा', आणि काकांना दोन्ही ऐकू येई, कारण कान शाबूत होते. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. वाईट वाटणं, बरं वाटणं असल्या भानगडीत ते पडतच नसत. गाडी वेळेवर असो, दोन तास उशिरा असो, नाहीतर साफ रद्द झालेली असो, आवाज तोच. इस्त्री केलेल्या चादरीसारखा, कुठे एक सुरकुती नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक चारवरून नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

त्यात दिलगिरी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

पण एक गोष्ट होती. एकतीस वर्षांत काकांच्या तोंडून माईकवर एकही खोटं वाक्य गेलं नव्हतं. कागदावर असेल तेच. एकदा घाटात बंद पडलेल्या गाडीबद्दल नियंत्रक म्हणाला, "सांगून टाका हो, अर्ध्या तासात येतेय. लोक फार कावलेत." काकांनी शांतपणे माईक त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही सांगा. माझ्या तोंडाला ते वळण नाही."

असा हा माणूस. आता त्यांच्या बायकोकडे या.

काकूंना सगळा मोहल्ला रफूकाकू म्हणतो. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शालीला कसर लागली, लग्नात घालायची पँट खिळ्याला अडकून फाटली, की लोक त्यांच्या खिडकीशी येतात. त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून चार धागे काढतात, उजव्या डोळ्याला भिंग लावतात आणि उभे-आडवे धागे असे विणतात की दुसऱ्या दिवशी मालकालाच भोक सापडत नाही. एक गिऱ्हाईक तर भांडायला आलं होतं, "माझा कोट बदललात, माझ्या कोटाला भोक होतं!"

काम संपलं की काकू शेवटचा धागा बोटावर ताणून धरायच्या आणि विचारायच्या, "तोडू का?" काका वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचे, "तोड." मग त्या दाताने धागा तोडायच्या. काकांनी एकदाही 'नको' म्हटलं नव्हतं, आणि एकदाही वर पाहिलं नव्हतं. तरी काकू विचारायच्या. संसारात काही गोष्टी अशाच चालतात, कोणी सुरू केल्या ते आठवत नाही.

डावा डोळा काकूंचा लहानपणापासून अधू. सगळा धंदा उजव्या डोळ्यावर. दिवसभर तो डोळा रफूला आणि संध्याकाळी सहा ते सात कोरियन मालिकेला.

साधीसुधी कोरियन मालिका नव्हे. आजकालची मुलं कॉफी पीत प्रेमात पडतात ती काकूंना पाणचट वाटायची. त्यांना राजवाड्यातली हवी. काळ्या केसांच्या जाळीदार टोप्या, गुडघे टेकून एका सुरात गाऱ्हाणं घालणारे मंत्री, बर्फ, कागदी खिडक्या, आणि दर दोन भागांआड एखादं चांगलं माणूस मरणार याची पक्की हमी. बासरी वाजायला लागली की काकू रुमाल घ्यायच्या. "आता गेला बिचारा," असं त्या आधी सांगायच्या आणि तो खरोखर जायचा. मग अशा रडायच्या की खालच्या मजल्यावरच्यांना नळ चालू राहिलाय असं वाटावं. रडून झालं की चहा टाकायच्या, आणि तो चहा फार छान व्हायचा. काका शेजारी बसून पेपर वाचायचे. बायकोला कोणत्या परक्या राजाचं एवढं काय, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

आणि मग त्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आला.

शस्त्रक्रिया झाली. बुबुळाला दोन टाके घालावे लागले, ते नेहमी लागत नाहीत, यांना लागले. डॉक्टरीणबाईंनी काळा चष्मा दिला आणि नियम सांगितले: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, आणि चोळायचा तर मुळीच नाही.

"रडता का हो तुम्ही?" बाईंनी सहज विचारलं.

"छे!" काकू म्हणाल्या.

"रोज," काका म्हणाले. "संध्याकाळी सहा ते सात. रविवार सोडून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, जी रडते ती पुसते आणि जी पुसते ती चोळते. टाका हलला तर पुन्हा रफू करता येईल असं मी सांगू शकत नाही. चार आठवडे. नंतर सोमवारी या."

रफू हा शब्द बाईंनी काकूंना समजावा म्हणून वापरला. तो नको तितका समजला.

योगायोग असा, की येत्या सोमवारपासूनच नवी मालिका लागणार होती. चोवीस भाग. बरोबर चार आठवडे. जाहिरातीतच बर्फात रक्त सांडलं होतं.

मालिकेच्या पहिल्या दिवशी काकू टीव्हीकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवशी पडद्याची शिवण चाचपून सुटलेले धागे शोधू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या अंगातल्या बनियनचं भोक बोटाने शोधून काढलं, काका आत असताना.

"अहो, नुसतं ऐकू तरी द्या ना. कालपरवाचे भाग वरच्या बाई लावून देतील."

"डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांनी रडू नका म्हटलंय. ऐकू नका म्हटलंय का? मला दिसणार तर काहीच नाही. खालच्या ओळी तुम्ही वाचा."

"मी?"

"तुमच्या आवाजात ऐकून कोण रडतंय! तुमच्या आवाजात जग बुडालं तरी गाडी रद्द झाल्यासारखं वाटेल."

खरं तर हा त्यांच्या आवाजाचा गौरवच होता.

तेव्हा ठरलं. सहाच्या ठोक्याला काकू काळा चष्मा लावून खुर्चीत, काका टीव्हीपासून चार फुटांवर स्टुलावर, आणि पडद्याच्या तळाशी आपल्या भाषेत येणारी प्रत्येक ओळ चादरीसारख्या आवाजात. "मी तुझ्यावर प्रेम करतो. दार लावून घे." नावं तोंडात बसेनात, म्हणून दोघांनी मिळून आपलीच ठेवली. राजपुत्र. त्याच्यावर जीव टाकणारी राजवाड्यातली कशिदावाली. राजपुत्राचा दणकट अंगरक्षक. आणि राजाचे कान भरणारा, तीन केसांची दाढी असलेला मंत्री, तो पातळदाढी.

तीन भाग सुखाने गेले. चौथ्यात कशिदावालीचा म्हातारा बाप आजारी पडला. बासरी सुरू झाली.

"बाबा, डोळे उघडा," काका वाचत होते. "बाबा, माझ्याकडे बघा. बाबा, मला एकटीला टाकून जाऊ नका."

आवाज सपाट होता, पण शब्द शब्दच असतात. काकूंची हनुवटी हलली. हात चष्म्याकडे निघाला. काकांना एकदम डॉक्टरीणबाईंचं खाली ठेवलेलं पेन दिसलं, आणि पडद्यावर काहीही लिहिलेलं नसताना ते त्याच आवाजात म्हणाले,

"उघडतो, उघडतो. जरा डुलकी लागली होती."

काकूंचा हात थांबला. "आं? जिवंत आहे?"

"जिवंत आहे," काका म्हणाले. पडद्यावर म्हाताऱ्याच्या तोंडावर पांढरं कापड टाकत होते. "पांघरूण घालतायत."

एकतीस वर्षांतलं पहिलं खोटं. काकांना वाटलं छतावरून काहीतरी पडेल. काही पडलं नाही. काकूंनी पाय लांब केले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. भला माणूस आहे तो."

इथून घसरण सुरू झाली. खरं बोलणाऱ्या माणसाचं पहिलं खोटं वाईट, कारण त्याला सवय नसते आणि तो मोजूनमापून बोलत नाही. आठव्या भागात अंगरक्षक मेला. बर्फात, राजपुत्राच्या मांडीवर, पाठीत सात बाण घेऊन. राजपुत्र आकाशाकडे बघून असा ओरडला की टीव्हीवरची काचेची फुलदाणी थरथरली.

"काय झालं? काय झालं?" काकू पुढे सरकल्या.

"पाठीत उसण भरलीय," काका म्हणाले.

"आणि राजपुत्र एवढा का ओरडतोय?"

काकांनी ओठ ओले केले. पुढची ओळ होती, 'माझ्या आधी जाऊ नकोस.' ती त्यांनी प्रामाणिकपणे वाचली. मग अंगरक्षकाच्या ओठांतून रक्त आलं आणि काकांच्या ओठांतून वाक्य, "जावंच लागेल, राजपुत्र. बदलीचा हुकूम आलाय. उत्तरेच्या डेपोत."

"डेपोत?"

"छावणीत. उत्तरेच्या छावणीत."

"म्हणून एवढा आक्रोश?"

"अचानक झालीय ना बदली. प्रशासकीय कारणास्तव."

काकूंचे खांदे जरासे हलले. काकांनी रुमालाकडे पाहिलं, पण तो कोरडाच होता. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जिवाभावाच्या माणसाची बदली म्हणजे वाईटच."

आता खोट्याला स्मरणशक्ती लागते. मेलेला माणूस पुन्हा पडद्यावर येत नाही, आणि काकू चौकशी करणारच. म्हणून काकांनी बसस्थानकातली एक जुनी आवक-जावक वही आणली आणि त्यात तीन रकाने आखले: पात्र, प्रत्यक्षात, सांगितलेलं.

'म्हातारा बाप: वारला: हवापालट.' 'अंगरक्षक: बाण, सात: उत्तर.' 'धाकटी दासी: विहिरीत उडी: माहेरी.' 'राजवैद्य: मान उडवली: निवृत्त.' 'पातळदाढी: जिवंत: जिवंत.' या शेवटच्या नोंदीपुढे काकांनी पेन्सिलीने एक छोटंसं 'दुर्दैवाने' लिहिलं होतं. त्यांच्या हातून कुठल्याही वहीत पडलेला तो पहिला शेरा.

कारण काकूंचे डोळे कोरडे राहत होते ते खरं, पण सगळं मरण एकट्या काकांच्या वाट्याला येत होतं. आधी चार डोळ्यांनी बघायचं, म्हणजे दोन रडायचे आणि दोन पेपर वाचायचे. आता पेपर नव्हता. ओळ न् ओळ वाचायची, तीही अर्थ नीट लावून, कारण अर्थ लागल्याशिवाय उलटा करता येत नाही. माहेरी गेलेली दासी काकांना बसस्थानकात आठवायची. पाणपोईच्या नळाशी एक मुलगी भांडं भरत होती तर ते खिडकीतून म्हणाले, "बाळ, मागे हो जरा. वाकू नकोस." नळ कमरेइतक्या उंचीवर होता.

चौदाव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी फलाट तीनवरची गाडी रद्द झाली. रोजची गोष्ट. काकांनी लाल बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. फलाट क्रमांक तीनवरून अकरा वाजता सुटणारी गाडी..." इथे सगळ्या बसस्थानकाला ऐकू जाईल असा एक आवंढा आला. "ती गाडी आता येणार नाही. तुम्ही किती वाट बघितलीत ते मला माहीत आहे."

एका आजींनी पिशवी खाली ठेवून डोळ्यांना रुमाल लावला. एका वाहकाने टोपी काढली. तिकिटाचे पैसे परत मागायला एकही माणूस खिडकीशी आला नाही. दोघे आले ते काकांना पाणी द्यायला.

नियंत्रकाने आत बोलावलं. "काका, घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे."

"मग गाडी रद्द झाली होती की वारली होती?"

काकांना सांगायचं होतं की बाण सात होते. पण सात बाणांचं कारण रजेच्या अर्जातही बसत नाही.

संकट आलं ते वरच्या मजल्यावरून. तिथे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई राहायच्या, काकूंच्या जुन्या रडसोबती. पंधरा दिवस त्या परीक्षेच्या कामात होत्या, मोकळ्या झाल्या तशा एका दुपारी तब्येत विचारायला खाली उतरल्या. बसल्या बसल्या उसासा टाकला.

"तुम्ही सुटलात हो रफूकाकू. मी तर त्या अंगरक्षकासाठी रडून रडून तपासायच्या उत्तरपत्रिका भिजवल्या. गेला ना बिचारा!"

"गेला तर," काकू म्हणाल्या. "उत्तरेला."

"उत्तरेला?"

काकूंच्या खुर्चीमागे उभे असलेले काका दोन्ही हातांनी काहीतरी करत होते. बाईंना आधी वाटलं, माशी आहे. मग काकांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, काकूंच्या चष्म्याकडे केलं, ओठांवर ठेवलं आणि शेवटी हात जोडले.

भूगोलवाल्या बाई चाळीस मुलांच्या वर्गात उभं आयुष्य काढलेल्या. त्या गडबडल्या नाहीत. "हो हो, उत्तरेला. तिकडे नदीचं खोरं आहे. हवा कोरडी. पाठीला बरी."

जिन्यात त्यांनी काकांना गाठलं. "वही दाखवा."

काकांनी मुकाट्याने दाखवली. बाईंनी चष्मा लावून ती पेपर तपासावा तशी तपासली. "राजवैद्य पन्नाशीतच निवृत्त कसे? स्वेच्छानिवृत्ती लिहा. आणि सगळ्यांना उत्तरेला पाठवू नका हो, तिकडे गर्दी होईल. दोघं-तिघं किनाऱ्याला धाडा."

"आणि शेवटच्या भागाचं काय?" काकांनी विचारलं. हा प्रश्न त्यांना आठवडाभर खात होता. "शेवटी काय होतं असल्या मालिकांत?"

बाईंनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. त्यांचा चेहरा बघून काका समजले.

"शनिवारी शेवटचा भाग आहे, सोमवारी डॉक्टर," काका म्हणाले. "तेवढं एक निभावलं की झालं. तिचा डोळा गेला तर ती करेल काय? तिला दुसरं काही येत नाही. म्हणजे येतं सगळं, पण..."

"पण तिला हेच आवडतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तयारी करून बसा. विषाचा वाडगा असेल. असतोच."

काकांनी तयारी केली. विषाचा वाडगा म्हणजे खोकल्याचा काढा. हुकूम घेऊन येणारे शिपाई म्हणजे औषध पोचवणारे. कशिदावालीचं रडणं म्हणजे कांदा नको, धूर, चुलीचा धूर. वहीत सगळं ओळीने लिहून काढलं. शनिवारी दुपारी एकदा मोठ्याने वाचूनही बघितलं, मोरीत, नळ सोडून.

मधल्या काळात काकू मात्र मजेत होत्या. "अंगरक्षकाचं पत्र आलं नाही का हो?" असं मध्येच विचारायच्या. काका घाईघाईने, "आलं ना, काल वाचायचं राहिलं. हवा मानवलीय, वजन वाढलंय," असं सांगायचे. "आणि लग्न?" "बोलणी चालू आहेत." एकदा तर काकूंनी धाकट्या दासीच्या बाळंतपणाची चौकशी केली, आणि काकांना विहिरीत गेलेल्या मुलीला मुलगा झाल्याचं सांगावं लागलं. सव्वातीन किलो.

शनिवार. सहा वाजले. काकू खुर्चीत, काका स्टुलावर, वही गुडघ्यावर.

राजपुत्र हद्दपारीत, एका झोपडीत. बाहेर काटेरी कुंपण. कुंपणापलीकडे कशिदावाली, तिला आत सोडत नाहीत. तिच्या मांडीवर राजपुत्राचा अंगरखा, त्यावर ती महिनाभर एक पक्षी काढत होती, फक्त त्याचा डोळा उरलेला. शिपाई आले. वाडगा आला. बासरी सुरू झाली.

"काढा आणलाय," काका वाचू लागले. "खोकला फार वाढलाय म्हणून राजाने पाठवलाय." आवाज सपाट. छान चाललं होतं. "हा घेतला की बरं वाटेल. गरम आहे तोवर घ्या."

कशिदावालीने पक्ष्याच्या डोळ्याचा शेवटचा टाका घातला. धागा बोटावर ताणून धरला. कुंपणातून आत बघितलं. आणि पडद्यावर दोन शब्द आले.

काकांनी वहीत बघितलं. वहीत ही ओळ नव्हती. पुन्हा वर बघितलं. ते दोन शब्द तिथेच होते.

'तोडू का?'

राजपुत्राने वाडगा खाली ठेवला. पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. 'थांब जरा,' खाली ओळ आली. 'राहू दे अजून.'

खोलीत नुसती बासरी वाजत राहिली. एक ओळ गेली, दुसरी गेली. काका वाचत नव्हते. त्यांचा घसा एखाद्या जुन्या माईकसारखा नुसता खरखरला आणि बंद पडला. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं असतं हे त्यांना सवय नसल्यामुळे सुचत नव्हतं.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. सपाट. इस्त्रीच्या चादरीसारखा.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. राजपुत्रांनी काढा घेतलेला आहे. काढा कडू आहे, त्यामुळे सगळे रडत आहेत."

काकांनी मान वळवली. काकू काळा चष्मा लावून समोर बघत होत्या, हात मांडीवर, ताठ.

"राजपुत्र आता आडवे झालेत. डुलकी आहे. पांघरूण घालतील. उठल्यावर दोघंही मिळेल त्या गाडीने उत्तरेच्या डेपोत जाणार आहेत, तिथे अंगरक्षकाकडे उतरतील. त्याचं वजन वाढलंय. दासीचं बाळ बघतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"तुला..." काकांना वाक्य पुरं करता येईना. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"म्हाताऱ्यापासून."

"पहिल्यापासून?"

"अहो, बासरी मला ऐकू येत नाही का? वीस वर्षं बघतेय. बासरी वाजली आणि माणूस डुलकीतून उठला असं आजवर झालेलं नाही. आणि धंदा काय आहे माझा? रफू सगळ्यांना दिसत नाही, पण करणाऱ्याला दिसतंच. बोट फिरवलं की कळतं, इथून आत धागा दुसरा. तुमचा एकेक टाका मोजत होते मी. डेपो म्हणे!"

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? एकतीस वर्षांत जो माणूस सरकारसाठी एक खोटं बोलला नाही तो माझ्यासाठी चोवीस भाग बोलला. मध्येच थांबवू?" काकूंच्या आवाजाची इस्त्री आता जराशी मोडली. "आणि रडायचं राहूनच गेलं हो. तुमचं 'प्रशासकीय कारणास्तव' ऐकल्यावर हसू दाबायलाच चार आठवडे पुरले नाहीत. तुम्हाला वाटलं मी हुंदका देतेय."

काका ओल्या तोंडाने हसू लागले. मग पुन्हा पडद्याकडे लक्ष गेलं आणि पुन्हा रडू लागले. काकूंनी चाचपडत आपला रुमाल त्यांच्याकडे केला. चार आठवड्यांची घडी तशीच होती.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून उजवा डोळा पाहिला. बराच वेळ पाहिला. काका भिंतीला पाठ लावून उभे होते, जणू शाळेत उभं केलंय.

"टाके अगदी जागच्या जागी आहेत. तक्ता वाचा."

काकूंनी वरच्या मोठ्या अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ शेवटची बारीक ओळ वाचली, आणि तिच्याखाली छापणाऱ्याचा पत्ताही वाचला.

"उत्तम. आता रडलात तरी हरकत नाही. हळू पुसा म्हणजे झालं." बाई काकांकडे वळल्या. "आणि तुमचे डोळे एवढे लाल कशाने?"

"त्यांची बदली झालीय," काकू म्हणाल्या.

त्या आठवड्यात खिडकीशी पहिलं काम आलं. करड्या रंगाचा कोट, कोपराला भोक. काकूंनी एका फटक्यात सुई ओवली. दोन तास मान खाली. मग धागा बोटावर ताणला. "तोडू का?"

उत्तर आलं नाही. काकूंनी पाहिलं तर पेपर खुर्चीत पडलेला होता आणि काका शेजारी उभे राहून कोपराकडे बघत होते, नाक कोटाला लागेल इतक्या जवळून.

"भोक कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हाला नाही दिसायचं. तोडू का?"

"थांब जरा," काका म्हणाले, आणि दोघंही एकदम हसले.

संध्याकाळी सहाला भूगोलवाल्या बाई स्वतःची खुर्ची घेऊन खाली आल्या. त्यांनी मालिका पहिल्या भागापासून लावून दिली. काकूंनी शेजारी पाच रुमाल रचले. चार आठवड्यांची थकबाकी होती आणि आता डॉक्टरांची परवानगी होती. म्हाताऱ्या बापासाठी दोन रुमाल तिथल्या तिथे संपले. चौथ्या संध्याकाळी आठवा भाग लागला तेव्हा बाईही तयारीत होत्या. बर्फ पडू लागला. बाण सुटले. राजपुत्र आकाशाकडे बघून ओरडला. तिघांच्याही डोळ्यांत पाणी.

काकूंनी रडत रडतच काकांना कोपर मारलं. "वाचा ना."

"तुला आता दिसतंय की."

"खालचं दिसतंय. तुमचं वाचा."

काकांनी घसा साफ केला. अंगरक्षकाच्या ओठांतून रक्त आलं.

"जावंच लागेल, राजपुत्र. बदलीचा हुकूम आलाय."

"रजेचा अर्ज दिलाय का पण त्याने?" भूगोलवाल्या बाईंनी नाक पुसत विचारलं, आणि पुढचा भाग लागेपर्यंत कोणालाच काही वाचता आलं नाही.